सेवेकऱ्यांचा सत्कार : भाव आणि विवेक

वार्षिक उत्सवाच्या काळात वर्षभर विनामोबदला सेवा करणाऱ्यांना सभामंडपात बोलावून शाल, श्रीफळ व मानपत्र देण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांत रूढ आहे. दर्शनबारीत वृद्धांना हात देणारे, भाविकांची पादत्राणे सांभाळणारे, अन्नछत्रात पंगती वाढणारे, पहाटे सडासंमार्जन करणारे असे हे सेवेकरी. त्यांचा गौरव होताना एक शंका मात्र अनेकांच्या मनात येते. सेवा तर देवाला अर्पण केलेली. मग माणसांत तिचा सत्कार कशासाठी? सत्कार स्वीकारल्याने सेवेचे पुण्य उणे होत नाही काय?

ही शंका निराधार नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची इच्छा न धरता श्रद्धेने केलेले तप सात्त्विक होय. सत्कार, मान व पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस होय, आणि त्याचे फळ अस्थिर असते. दुसऱ्यास पीडा देण्यासाठी अथवा मूढ हट्टाने केलेले तप तामस होय. देवपूजन आणि शुचिता यांची गणना तेथे शारीरिक तपात केलेली असल्याने, मंदिरातील सेवेलाही हीच कसोटी लागू पडते.

परंतु येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. गीतेने दोष दिला आहे तो मानाच्या इच्छेला. कृतज्ञतेने आलेल्या मानाला नव्हे. सेवा करताना हेतू काय होता, हा सेवेकऱ्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. झालेल्या सेवेची जाणीव ठेवणे हा समाजाचा धर्म आहे. एकाने निरपेक्ष राहावे, म्हणून दुसऱ्याने कृतघ्न व्हावे असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

वाल्मीकी रामायणातील राज्याभिषेकाचा प्रसंग या दृष्टीने चिंतनीय आहे. प्रभू रामचंद्रांनी सुग्रीव, अंगद आदी सर्व साहाय्यकांचा वस्त्रालंकारांनी सन्मान केला, आणि सीतामाईने प्रभूंच्या संमतीने आपल्या कंठातील हार हनुमंताला दिला. पुढे लोकपरंपरेत अशी कथा आली, की हनुमंताने त्या हारातील एकेक मोती फोडून आत राम आहे की नाही हे पाहिले. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे उत्तर मिळते. देणाऱ्याने हार द्यावा, तो सीतामाईच्या प्रेमाने. घेणाऱ्याने तो घ्यावा, पण शोध रामाचाच घ्यावा.

सत्काराच्या प्रसंगी आणखी एका मनाचा विचार करावा लागतो. ते मन म्हणजे ज्याचे नाव पुकारले गेले नाही, त्याचे. दहा जणांचा गौरव होतो, तेव्हा तितकीच सेवा केलेले शंभर जण समोर बसलेले असतात. पुष्कळदा एखादा जुना सेवेकरी या एका कारणाने दुखावतो आणि पुढील वर्षी मंदिराची पायरी चढत नाही. अशा वेळी महाभारतातील राजसूय यज्ञ आठवावा. सभापर्वात सांगितले आहे, की त्या यज्ञात श्रीकृष्णांनी ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले होते. पुढे भीष्मांच्या सांगण्यावरून अग्रपूजेचा मानही त्यांनाच मिळाला. पाय धुताना त्यांना कमीपणा वाटला नाही आणि अर्घ्य स्वीकारताना गर्व झाला नाही. शिशुपालाला मात्र दुसऱ्याचा मान सहन झाला नाही, आणि तो मत्सरच त्याच्या नाशाला कारण झाला. दुसऱ्याच्या गळ्यातील हार पाहून ज्याला आनंद होतो, त्याची सेवा देवाने स्वीकारली असे समजावे.

विश्वस्तांसाठीही या विषयात एक बोध आहे. पैठण येथे संत एकनाथमहाराजांच्या घरी श्रीखंड्या या नावाने प्रत्यक्ष भगवंतांनी बारा वर्षे पाणी वाहिले, अशी श्रद्धा आहे. नाथषष्ठीच्या उत्सवात तेथील रांजण भरण्याची परंपरा आजही भाविक श्रद्धेने पाळतात. बारा वर्षे कावड वाहणारा तो कोण, हे तो घरात असेपर्यंत कोणी ओळखले नाही. म्हणून सत्कारासाठी नावे निवडताना जे समोर दिसतात त्यांच्यापाशीच थांबू नये. उष्टी ताटे घासणारी माउली, रात्री उशिरा शौचालये धुणारा तरुण, यांच्यापर्यंत दृष्टी पोहोचावी. देणगीचा आकडा, ओळख वा पद यांना त्या निवडीत स्थान असू नये.

संत गाडगेबाबांचे चरित्र तर या विषयाचा आदर्शच होय. हाती खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. आणि स्वतःच्या पाया कोणास पडू दिले नाही. बाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी देह ठेवला. त्यानंतर 2000-01 या वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि स्वच्छ गावांना पारितोषिके देण्यास आरंभ केला. ज्यांनी स्वतः मान टाळला, त्यांच्याच नावाचा मान मिळावा म्हणून गावेच्या गावे खराटा घेऊन बाहेर पडली. सन्मानाचे खरे प्रयोजन हेच आहे. एकाचा गौरव पाहून दहा हात सेवेस लागावेत. यालाच गीतेने लोकसंग्रह म्हटले आहे.

तात्पर्य, ज्याला शाल मिळाली त्याने ती प्रसाद मानून मस्तकी लावावी आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नेमल्या जागी उभे राहावे. ज्याला मिळाली नाही त्यानेही त्याच जागी उभे राहावे. दर्शनास आलेल्या भाविकाने पादत्राणे परत घेताना, पंगतीतून उठताना, समोरच्या सेवेकऱ्यास हात जोडून नमस्कार करावा. वार्षिक सत्कार वर्षातून एकदाच होतो. हा सत्कार मात्र प्रत्येक यात्रेकरूला दररोज करता येण्यासारखा आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥