डोक्यावर घेतलेले दान



भारतात जन्मलेले पहिले संत, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे. कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा उत्तम शिकले. पुढे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोच सोबत होते.

त्या भाषेत दुसऱ्याकडून काही मिळाले की ते सांगण्याची वेगळी नम्र रीत आहे. ‘गुरुजींनी मला शिकवले’ असे म्हणता येते. पण आदराने बोलायचे तर ‘गुरुजींकडून मला शिकवून मिळाले’ अशा वळणाने बोलतात. शिकवले गुरुजींनी, पण वाक्य घेणाऱ्याचे, आणि घेणारा स्वतःला खाली ठेवतो. यासाठीचा शब्द आहे ‘इतादाकु’. त्याचा मूळ अर्थ डोक्यावर ठेवणे. जेवणाआधी जपानी माणसे ‘इतादाकिमास’ म्हणतात, तेही याच शब्दाचे रूप.

आपल्याला हे परके वाटू नये. थोरांचा शब्द आपण शिरोधार्य मानतो, मिळालेली पवित्र वस्तू कपाळाला लावतो. पण आपल्याच मराठीत उपकाराचे ‘ओझे’ होते आणि उपकार ‘फेडावे’ लागतात, जणू ते सावकाराचे कर्जच! आणि आभारप्रदर्शन आपण सभेच्या अगदी शेवटी ठेवतो, लोक चपला शोधत असतात तेव्हा.

आता खरा प्रश्न. नम्रपणे घेणे हा सद्गुण खराच. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात गरिबाला नम्रता कुणी शिकवायची गरज आहे का? रेशनच्या दुकानात, कचेरीत, ठेकेदाराच्या दारात तो पिढ्यान्‌पिढ्या वाकतच आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘हक्कांची मान्यता’ हे शब्द आहेत. मान्यता म्हणजे देणगी नव्हे; जे आधीपासून आपले होते ते सरकारने कबूल केले. तरी पट्टा हातात आला की तोंडून निघते, ‘साहेबांची कृपा झाली.’ ऊसतोडीला गुजरातेत गेलेला मजूर स्वतःच्याच मजुरीसाठी हात जोडतो. याला नम्रता म्हणणे मला पटत नाही. ते भय आहे, आणि भयाला सद्गुणाचे नाव दिले की देणाऱ्याचे फावते.

मग फरक कसा ओळखावा? मला वाटते, समोरचा आपले स्वतःचे काही देत आहे की आपलेच आपल्याला परत करत आहे, हे आधी पाहावे. शेजारीण आजारपणात भाकरी घेऊन येते, तिचे काही देणे लागत नसताना. तिथे मान झुकावी. मजुरी मोजून घ्यावी, ताठ मानेने.

गोन्सालोंनी हे दोन्ही जाणले असावे असे वाटते. हिदेयोशीने राहण्याची परवानगी दिली, ती त्यांना मिळाली. पुढे त्याचे मन फिरले आणि ती गेली. ती त्याची होती, त्याने काढून घेतली. श्रद्धा मात्र त्याच्याकडून मिळालेली नव्हती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत गोन्सालो होते.

करिंथकरांना लिहिताना संत पौल विचारतो की, तुझ्याजवळ असे काय आहे जे तुला मिळालेले नाही? हा प्रश्न तो गरिबाला दटावण्यासाठी विचारत नाही, फुगलेल्यांना विचारतो. म्हणून तो कचेरीतल्या खुर्चीलाही लागू आहे आणि देणगीच्या पाटीवर नाव कोरून घेणाऱ्यालाही.

चौथ्या शतकात यरुशलेमचे संत सिरिल नवख्रिस्ती लोकांना शिकवत, की ख्रिस्तशरीर स्वीकारताना डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरावा. आजही मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादासाठी पाटील आणि सालदार एकाच रांगेत येतात, तसेच हात पुढे करतात. त्याआधी आपण योग्य नाही अशी कबुली सर्वांनी दिलेली असते, आणि वेदीवरचे धर्मगुरूही ती सर्वांबरोबरच देतात.