तुतीचे शहाणपण

इंदुरात जन्म गेलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसाला ‘पाला’ हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक असतो. घरात पाला म्हणजे झाडाची पाने. घराबाहेरच्या हिंदीत पाला म्हणजे पिकावर गोठणारे दव. शासकीय सेवेत असताना या दुसऱ्या पाल्याचे पंचनामे आम्ही अनेकदा केले. त्यांतील एक अजून मनातून जात नाही. त्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो : ज्याचे नुकसान झाले, त्याला आपण इतक्या सहजपणे अविचारी का ठरवतो?

पहिल्या शतकातील प्लिनी या रोमन ग्रंथकाराने तुतीला सर्व झाडांत शहाणे म्हटले आहे. थंडी पुरती सरल्याखेरीज तिला कोंब फुटत नाहीत, हे त्याचे कारण. ओघानेच, लवकर फुलणारी झाडे उतावळी ठरतात. हा निवाडा आम्हांला पूर्वी पटत असे.

आता अमेरिकेतील मिशिगन राज्याची २०१२ सालची हकीकत पाहा. मोठ्या सरोवरांच्या काठचा हा प्रदेश सफरचंद आणि आंबट चेरी यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. त्या वर्षी मार्चच्या मध्यासच तेथे उन्हाळ्यासारखी ऊब आली. काही दिवशी पारा २५ अंशांच्या वर गेला. कळ्या नेहमीपेक्षा सुमारे महिनाभर आधी जाग्या झाल्या. पुढे एप्रिलमध्ये अनेक रात्री पारा पुन्हा शून्याखाली उतरला. सफरचंदाची मिटलेली कळी ऐन हिवाळ्यात शून्याखाली २० अंशांची थंडीही सोसते. पूर्ण उमललेल्या फुलांना मात्र शून्याखाली ४ अंशांत अर्धा तास काढावा लागला, तर दहांतील नऊ मरतात. त्या वर्षी सफरचंदाचे सुमारे ९० टक्के पीक गेले आणि चेरीचीही तीच गत झाली. अशा रात्री बागाईतदार उंच खांबांवरचे मोठे पंखे फिरवून वरच्या थरातील उबदार हवा खाली आणतात. परंतु वरची हवाच थंड असली, की पंखा निरुपयोगी ठरतो.

यात झाडाची चूक कोणती? झाड पंचांग पाहत नाही. पुरेशी थंडी भोगून झाली काय, हा त्याचा पहिला हिशेब. त्यानंतर पुरेशी ऊब मिळाली काय, हा दुसरा. दोन्ही हिशेब त्याने चोख केले. ऊब खरी होती, फक्त ती टिकली नाही. पुढे थंडी पडली नसती, तर तेच झाड चतुर म्हणवले गेले असते. आणि तुतीने तरी भविष्य कोठे पाहिले होते? तिला जागे व्हायला ऊब अधिक लागते, एवढेच. निकाल तिच्या बाजूने लागला, म्हणून तिच्या स्वभावाला आपण शहाणपण म्हटले.

मग दूरदृष्टीला काहीच अर्थ नाही काय? अवश्य आहे. थंड हवा पाण्यासारखी सखल भागात साचते, हे ठाऊक असून जो खोलगट जागी बाग लावतो, त्याच्याकडे दोष जाईलच. परंतु दूरदृष्टीचे माप निर्णयाच्या दिवशी हाती असलेल्या माहितीने घ्यावे. नंतर पडलेल्या थंडीने घेऊ नये. विमा का उतरवला नाही, असे विचारणे सोपे असते. मिशिगनमधील आंबट चेरीसाठी त्या काळी पीकविमा उपलब्धच नव्हता.

थंडीचा घाव बहुधा आतच असतो. सफरचंदाच्या फुलाच्या पाकळ्या शाबूत दिसतात आणि आतला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो. माळव्यातील त्या जानेवारीच्या सकाळी आमच्यापुढे तुरीचे शेत होते. शेंगा हिरव्या दिसत होत्या. “साहेब, एक शेंग सोलून पाहा,” असे शेतकरी म्हणाला. आम्हांला पुढची गावे गाठायची होती. शेजाऱ्याने रात्री पिकाला पाणी दिले होते आणि त्याचे पीक वाचले होते. तेव्हा यानेच हयगय केली, असा ग्रह करून आम्ही नुकसान किरकोळ लिहिले. आठ-दहा दिवसांनी त्याच वाटेने जाताना त्या शेंगा वाळलेल्या पाहिल्या. आत दाणा भरलाच नव्हता. शेजाऱ्याची विहीर होती, याची नव्हती, हेही तेव्हाच कळले. पंचनामा दुरुस्त करण्याचा मार्ग होता. आम्ही तो चोखाळला नाही, कारण स्वतःची चूक स्वतःच्या सहीने लिहावी लागली असती.

केंद्राच्या आपत्तींच्या यादीत पाल्याला २०१२ साली स्थान मिळाले. ते योग्यच झाले. मात्र शेंग सोलून पाहण्याचे काम कोणतीही यादी करत नाही.

आजही ओळखीच्या घरात कोणाचा व्यवसाय बुडाला, कोणाची ठेव अडकली, की “घाई नडली” हे शब्द आमच्या ओठांवर येतात. ते शब्द उच्चारणारा आपोआपच तुतीच्या शेजारी जाऊन बसतो, आणि मदतीच्या जबाबदारीतूनही सुटतो. त्या वेळी तो शेतकरी आठवतो. त्याने आमच्याकडे दया मागितली नव्हती. लिहिण्यापूर्वी एक शेंग सोलून पाहा, एवढेच तो म्हणाला होता.