वर्षभराचे देणे

एखाद्याला ठरावीक मुदतीसाठी चांगली वस्तू द्यावी आणि मुदत संपताच ती परत न्यावी, यात अन्याय आहे काय? करारापुरते पाहिले तर मुळीच नाही. तरीही ३१ जुलै १९७६ हा दिवस आठवला की हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

अमेरिकेने मे १९७४ मध्ये 'एटीएस-६' हा उपग्रह अंतराळात सोडला. पुढील वर्षी तो सरकवून पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर आणण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ पासून आपल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत त्यावरून दूरदर्शनचे कार्यक्रम थेट उतरू लागले. उपग्रहाची नऊ मीटर व्यासाची छत्री इतकी समर्थ होती की, खेड्यात तारेच्या जाळीची तीन मीटरची तबकडी पुरत असे. साऱ्या गावाला मिळून एक संच. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी शेती व आरोग्य यांविषयी थोरांसाठी. चित्र एक, पण ध्वनिवाहिन्या दोन. तेच दृश्य एका गावी तेलुगूत, दुसऱ्या गावी कन्नडात! भाषांतरात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

वर्ष सरले आणि उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला.

अमेरिकेला दोष देता येत नाही. तिने शब्द पाळला. आपल्या देशाचाही लाभच झाला. भूकेंद्रे कशी चालवावी, कार्यक्रम कसे रचावे हे आपण शिकलो, आणि १९८३ मध्ये 'इन्सॅट-१बी' आकाशात गेला तेव्हा ती शिदोरी कामी आली. परंतु वाचकहो, 'प्रयोग' हा शब्दच पाहा. शिकतो तो प्रयोग करणारा. मुदत ठरवली ती सह्या करणाऱ्या दोघांनी. ज्याच्या शाळेच्या आवारात तबकडी उभी राहिली, त्याला कोणी विचारले? काही गावांसाठी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारली गेली, उरलेल्यांचे संच मुके झाले. मग ते दिलेच नसते तर बरे, असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणतो की, राष्ट्राच्या शिक्षणाची फी त्या खेड्यांनी भरली, आणि ते ऋण अमेरिकेचे नसून आपले आहे.

पुढे जमिनीवरील केंद्रांचे जाळे वाढत गेले. उपग्रहावरून थेट घरात येणारी, मासिक शुल्क नसलेली सेवा मात्र दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केली. १९७६ साली दहा वर्षांचे असलेले मूल तोवर अडतीस वर्षांचे झाले होते.