टोपण कुठे आहे?

पेन्सिली खाली ठेवा, बोर्ड बाजूला करा आणि सगळ्यांनी इकडे बघा. आज वस्तुचित्राचा सराव नाही. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही निमूटपणे ऐकणार आहात. मागच्या बाकांवरची कुजबुज आत्ताच्या आत्ता थांबली पाहिजे.

मघाशी मी कपाटाचा खालचा खण उघडला आणि रंगांचा खोका या टेबलावर रिकामा केला. ही बघा अल्ट्रामरीन ब्लूची ट्यूब. टोपण नाही. तोंडाशी रंगाचा खडा झालाय. त्यात कोणीतरी कंपासचं टोक खुपसलं, पत्रा खांद्यापाशी फाटला, आणि आता ट्यूब दाबली की रंग तोंडातून न येता त्या चिरेतून बोटांवर येतो. ही क्रिमसन लेक. हिच्या तोंडात वहीच्या कागदाचा बोळा. कागद रंगातला ओलावा पिऊन घेतो हे कळायला चित्रकार व्हावं लागत नाही. ही पिवळी, गॅम्बोज. हिला टोपण आहे, पण ते निळ्या ट्यूबचं. निळ्याची वाळलेली कपची पिवळ्यात पडली आणि तोंडाशी ही हिरवी कड तयार झाली. आता यातून स्वच्छ पिवळा निघणार नाही. आणि ही पांढरी, सगळ्यांना सगळ्यांत जास्त लागणारी, सेलोटेप गुंडाळून ठेवलेली. खोक्याच्या तळाशी काही सुटी टोपणं सापडली. त्यांतलं एकही यांतल्या एकाही ट्यूबला बसत नाही.

हे कोणी केलं, असं मी विचारणार नाही. उत्तर मला पाठ आहे. ‘बाई, मी नाही, मी घेतली तेव्हा ती आधीच तशी होती.’ असं म्हणणारा प्रत्येक जण खरंही बोलत असेल. पण तशी असलेली ट्यूब तू पुन्हा तशीच ठेवलीस ना? तुझ्या हातात आली तेव्हा ती तुझी जबाबदारी होती. आधीच्याने केलं नाही म्हणून मीही केलं नाही, या एका सबबीवर हा अख्खा खोका वाया गेलाय.

तुमच्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर मला दिसतंय की एवढ्याशा टोपणासाठी बाई एवढ्या का चिडल्यात. ऐक तर मग.

या वर्गात काहींकडे घरचा रंगांचा डबा आहे आणि काहींकडे नाही. का नाही, हे मी कधी विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही. शाळेने कपाटात रंग ठेवले ते सर्वांत आधी त्यांच्यासाठी. ज्याच्याकडे डबा आहे त्याची ट्यूब वाळली तर तो संध्याकाळी दुकानातून नवी आणेल. ज्याच्याकडे डबाच नाही, त्याने कुठे जायचं? तो सरावाला बसतो, कपाटातली निळी ट्यूब घेतो, दाबतो, आणि काहीच येत नाही. मग तो काय करतो ते मी पाहिलंय. तो कोणाकडे मागायला जात नाही. काळ्यात पाणी घालतो, आकाश राखाडी रंगवतो, आणि मी विचारलं की म्हणतो, ‘बाई, मला असंच हवं होतं.’ त्याला तसं नको होतं. तुमच्या बेफिकिरीने त्याच्या चित्रातलं आकाश काढून घेतलं, आणि वर त्यालाच खोटं बोलायला लावलं. माझा राग या गोष्टीचा आहे. रंगाच्या किमतीचा नाही.

म्हणूनच ‘बाई, माझे बाबा नवा संच आणून देतील’ असं कोणी म्हणू नका. पैसे भरून यातून सुटका नाही. नवा संच आला तरी त्याला हेच हात लागणार. आधी हात सुधारा, मग संचाचं बोलू.

आता टोपण नसलं की आत काय होतं ते समजून घ्या. आपल्या जलरंगात रंगद्रव्य डिंकात कालवलेलं असतं. त्यातलं पाणी उडालं की रंग घट्ट होतो, पण डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणून जलरंगाला दुसरी संधी मिळते. मडकी आणि पणत्या रंगवायला आपण ॲक्रिलिक वापरतो, त्याचं तसं नाही. त्यातलं पाणी उडालं की प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा होतो. मग वरून बादलीभर पाणी ओता, तो रंग परत येत नाही. तैलरंगाची तऱ्हा आणखी निराळी. त्यात पाणी नसतंच, जवसाचं तेल असतं. ते उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होत जातं, आधी वर साय धरते आणि मग खालपर्यंत रंग कडक होतो. म्हणजे रंग कोणताही असो, त्याला मारते ती हवा. रंग आणि हवा यांच्या मधे फक्त हे टोपण उभं असतं, आणि तेच तुम्ही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून विसरता.

हे टोपण माणसाला आयतं मिळालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले चित्रकार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत आणि तिचं तोंड दोऱ्याने आवळत. रंग हवा असला की पिशवीला टोकदार खिळ्याने भोक पाडायचं आणि काम झालं की त्या भोकात काहीतरी खोचून ते बुजवायचं. भोक धड बुजायचं नाही. रंग आतल्या आत वाळायचा, आणि प्रवासात पिशवी फुटली तर कपड्यांसकट सगळ्याचा सत्यानाश. काचेची पिचकारीही निघाली होती, पण ती महाग आणि सहज फुटणारी. मग लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पातळ पत्र्याची, दाबली की दाबलेलीच राहणारी नळी काढली आणि १८४१ साली तिचं पेटंट घेतलं. दाबलेली नळी पुन्हा फुगत नाही, म्हणून ती हवा आत ओढत नाही. तिच्या तोंडावर आट्यांचं टोपण बसलं आणि रंग महिनोन्‌महिने टिकू लागला. पुढे मोने, पिसारो, रेन्वा ही चित्रकार मंडळी शेतात आणि नदीकाठी उभी राहून समोरचा उजेड रंगवू शकली, त्यामागच्या कारणांत ही खिशात मावणारी ट्यूब आहे.

आता टेबलावरच्या या निळ्या ट्यूबकडे पुन्हा बघा. कंपासने पाडलेलं भोक, आणि शेजारच्या लाल ट्यूबमध्ये कोंबलेला बोळा. रँडच्या आधीचे चित्रकार जे नाइलाजाने करत होते, ते तुम्ही चांगलं टोपण हातात असताना केलंत. ट्यूब तुम्हाला मिळाली, पण तिने वाचवलेला रंग तुम्ही परत हवेच्या हवाली केलात.

आपल्याकडे १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरुवात केली, आणि पुढे त्याच उद्योगातून कॅमलचे रंग गावोगावच्या शाळांत पोचले. आज तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात रंगांची ट्यूब मिळते, आणि सहज मिळते म्हणूनच तुम्हाला तिची किंमत नाही. सहज मिळालेली गोष्ट जपता येणं, यालाच वळण म्हणतात.

हे वळण फक्त चित्रकलेच्या तासापुरतं नाही. घरी टूथपेस्टचं झाकण लावता का? १८९० च्या दशकात टूथपेस्ट ट्यूबमध्ये आली ती स्वच्छतेसाठी. त्याआधी घरातले सगळे एकाच डबीत ब्रश बुडवत. आज तुम्ही त्याच ट्यूबचं तोंड बेसिनवर उघडं ठेवता, म्हणजे पुन्हा डबीकडेच निघालात. आता तर बहुतेक पेस्टला बिजागरीचं झाकण असतं. ते ट्यूबपासून सुटत नाही, हरवत नाही, अंगठ्याने नुसतं दाबायचं असतं. तरी ते उघडं. कडेला पेस्टचा थर साचतो, मग ते बसतच नाही, आणि तुम्ही म्हणता झाकण खराब आहे. झाकण खराब नाही. तोंड पुसायचं तुमच्या जिवावर येतं.

आजीच्या डोळ्यांचं मलम असतं. ते बंद असेपर्यंत निर्जंतुक असतं, आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं किंवा टाकून द्यायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, बहुधा महिनाभराच्या आत. त्या ट्यूबचं टोपण आजीला दिसत नाही, सापडत नाही, आणि उघडी ट्यूब तशीच उशीखाली राहते. तिथे टोपण शोधून लावणं हे नातवंडाचं काम आहे. घरात रांगतं मूल असेल तर आणखी सांभाळा. जमिनीवर पडलेलं एवढंसं टोपण थेट तोंडात जातं. पेनाच्या टोपणाला वरच्या टोकाशी भोक ठेवलेलं असतं ते उगाच नाही. मुलाच्या घशात अडकलं तर निदान श्वास चालू राहावा म्हणून ते असतं. ट्यूबच्या टोपणाला तसं भोक असूच शकत नाही.

युरोपीय संघात तर सुट्या झाकणांसाठी नियम करावा लागला. ३ जुलै २०२४ पासून तिथे तीन लिटरपर्यंतच्या, एकदाच वापरायच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेलं राहावं लागतं, कारण सुटी झाकणं समुद्रकिनाऱ्यांवर पसरत होती. तो नियम बाटल्यांचा आहे, आपल्या ट्यूबांचा नाही. पण त्यातून एक गोष्ट घ्या: जे काम माणसं आपण होऊन करत नाहीत, ते त्यांच्याकडून कायद्याने करून घ्यावं लागतं. नववीतल्या मुलांना टोपण ट्यूबला दोरीने बांधून द्यावं लागावं, ही मला लाजेची गोष्ट वाटते. म्हणून मी दोरी बांधणार नाही. तुम्ही लक्ष ठेवणार आहात.

आता नीट बघा, मी एकदाच करून दाखवणार आहे. ट्यूब डाव्या हातात, मानेपाशी धरायची. उजव्या हाताने टोपण फिरवून काढायचं आणि ते बाकावर ठेवायचं नाही, कट्ट्यावर नाही, दातांत तर मुळीच नाही. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मिटून त्यांच्या आत ते धरायचं. टोपण हातातच राहिलं की विसरायला जागा उरत नाही. ट्यूब शेपटाकडून दाबायची, मधून नाही. वाटाण्याएवढा रंग पॅलेटवर घ्यायचा, लागला तर पुन्हा घेता येतो. मग ट्यूब उभी धरायची, हलकेच दाबून रंग तोंडापर्यंत आणायचा म्हणजे आत हवा राहत नाही. ओल्या फडक्याने तोंड आणि आटे पुसायचे. तैलरंग असेल तर कोरड्या चिंधीने. आणि टोपण लगेच, रंगाला ब्रश लागायच्या आधी लावायचं. चित्र झाल्यावर लावीन, असं म्हणणाऱ्याचं टोपण कायमचं राहतं. पाणी भरून झाल्यावर नळ बंद करायला कोणी संध्याकाळची वाट बघत नाही.

टोपण घट्ट बसलं असेल तर दात लावायचे नाहीत. रंगात काय काय असतं ते तुम्हाला माहीत नाही, आणि ते पोटात जायची वस्तू नाही. पक्कडही नको, मान पिळवटून पत्रा फाटतो. फक्त टोपण मिनिटभर गरम पाण्यात धरा, ट्यूबचा खांदा घट्ट पकडा, टोपणाला फडकं गुंडाळा आणि फिरवा. वाळलेला रंग मऊ होतो आणि टोपण सुटतं. तरी सुटलं नाही तर माझ्याकडे या. बोळे आणि सेलोटेपचे थातूरमातूर उपाय आजपासून बंद.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. टोपण लावणं हे काम झाल्यानंतरचं काम नव्हे. तो रंग घेण्याचाच शेवटचा भाग आहे. टोपण उघडं असेल तर तुमचं रंग घेणं अर्धवट आहे, मग चित्र कितीही देखणं असो. परीक्षेत वस्तुचित्राला, स्मरणचित्राला, संकल्पचित्राला गुण आहेत, टोपणाला नाहीत. पण मी तुम्हाला फक्त परीक्षेसाठी शिकवत नाही. आपल्यानंतर ही वस्तू कोणाच्या तरी हातात जाणार आहे, हे ज्याच्या ध्यानात राहतं, त्याचा हात मला चांगला वाटतो. त्याची रेष थोडी कच्ची असली तरी चालेल. ती सुधारता येते.

आता कामाला लागायचं. पहिल्या दोन बाकांनी जलरंगाच्या वाळलेल्या ट्यूबा वेगळ्या काढायच्या. त्या मी पात्याने कापून देईन. आतले खडे पॅलेटच्या खणांत बसवा, ओल्या ब्रशने ते वड्यांसारखे वापरता येतील. तो रंग फेकायचा नाही. मधल्या बाकांनी चांगल्या ट्यूबांची तोंडं पुसायची, आटे साफ करायचे आणि ज्याचं त्याचं टोपण त्याला शोधून लावायचं. मागच्या बाकांनी खोली झाडायची. कट्ट्यावर, कपाटामागे, बाकांखाली जी टोपणं सापडतील ती सगळी या वाटीत आली पाहिजेत. उद्यापासून तास संपल्यावर खोका आधी माझ्या टेबलावर येईल. ज्याच्या हातून शेवटची ट्यूब परत आली त्याने तिचं टोपण मला फिरवून दाखवायचं, मगच दाराबाहेर पडायचं. एकही ट्यूब उघडी निघाली तर त्या दिवशी कोणाचीही मधली सुट्टी नाही, माझीसुद्धा.

कोणाला काही विचारायचं आहे? नाही? मग उठा. फडकी भिजवून घ्या आणि सुरुवात करा.