पोहायला गेलो त्याचा हिशेब

चळवळीतल्या माणसानं एक आख्खा दिवस निव्वळ सुखात घालवला, तर तो कुणाच्या वाटणीतून घेतला? हा प्रश्न मी हौसेनं काढलेला नाही. तो मला विचारला गेला, चारचौघांत, आणि विचारणारा तिऱ्हाईत नव्हता. ज्याच्याबरोबर रात्री-बेरात्री पोस्टरं चिकटवली, लाठ्या चुकवल्या, असा जुना कार्यकर्ता आहे. सगळे त्याला दादा म्हणतात. त्याच्यावर राग नाही. पण उत्तर बैठकीत मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहितेय.

झालं एवढंच. मे महिन्यातल्या एका रविवारी मी नि माझा जोडीदार एस.टी.नं राजूरकडं गेलो आणि प्रवरेत पोहलो. उन्हाळ्यात आपल्याकडं ओढे-नाले कोरडे ठक्क. वाहतं पाणी म्हणजे बहुतेक धरणानं सोडलेलं. भंडारदऱ्याचं आवर्तन उतरणीला लागलं होतं, पाणी कुठं कंबरेला, कुठं छातीला. हे पाणी धरणाच्या खोलातनं येतं. वरच्या थराला ऊन लागतं, तळाला लागत नाही. त्यामुळं डोक्यावर आग नि पाण्यात पाय घातला की पोटरीला कळ. मी ओरडले, तो हसला. मग दोघं दुपारपर्यंत पाण्यात. भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला, पुन्हा पाण्यात. दिवसभरात एकही ठराव मंजूर झाला नाही.

आठवड्यानं बैठकीत दादा म्हणाला, "वहिनी, वस्तीत टँकर तिसऱ्या दिवशी येतो, बाया हंड्यावरून भांडतात, आणि तुम्ही दोघं पाण्यात खेळायला जाता?" पोरं गप्प झाली. मलाही पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. प्रश्न खोटा नव्हता.

हिशेब करायचा तर आधी पाण्याचाच करू. नदीनं आम्हाला भिजवलं नि ती पुढं गेली. खाली निळवंडे, त्याखाली पाट, पाटाखाली ऊस. आमच्या पोहण्यानं कुणाचा हंडा रिता झाला नाही. उलट २०१६ साल आठवा. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं न्यावं लागलं आणि त्याच उन्हाळ्यात क्रिकेटच्या मैदानांना पाणी पाजायचं की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयात भांडण चाललं. शेवटी एप्रिलनंतरचे आय.पी.एल.चे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले. तिथं प्रश्न रास्त होता, कारण एकाची करमणूक दुसऱ्याच्या घशातनं निघत होती. हा फरक करता आला पाहिजे. सगळ्याच सुखाला चोरी म्हणायला लागलो, तर खरा चोर त्या गर्दीत निसटून जातो.

पण दादाचा प्रश्न लिटरचा नव्हताच. त्याचं म्हणणं असं, की आपली माणसं होरपळताहेत तोवर आपणही होरपळलं पाहिजे, गारवा घेणं ही फितुरी. हे दादा एकटाच मानत नाही. आपल्यातले पुष्कळ मानतात, बोलत नाहीत. कार्यकर्त्याचा खंगलेला चेहरा, फाटकी चप्पल, बायको-पोरांकडं दुर्लक्ष, हे सगळं आपण त्याच्या खात्यात जमा धरतो. मेल्यावर शोकसभेत तेच वाखाणतो.

आणि आपण तर बुद्धाचं नाव घेणारे. सिद्धार्थानं सहा वर्षं अंगाचे हाल केले. हाडांचा सापळा झाला. मग त्यानं तो रस्ता सोडला, निरंजना नदीत अंघोळ केली, सुजाताची खीर खाल्ली. तेव्हा त्याच्याबरोबरचे पाच साथी काय म्हणाले? हा चैनीत पडला, बिघडला. आणि सोडून गेले. पुढं सारनाथला त्याच पाचांना त्यानं पहिला उपदेश केला आणि दोन्ही टोकं टाकायला सांगितली. आपण विहारात मध्यम मार्गावर बोलतो तेव्हा एकच टोक सांगतो: दारू, जुगार, छानछोकी. दुसरं टोक, स्वतःच्या देहाला दिलेली शिक्षा, ते आपण गुणांत मोडतो. असं का? माझा संशय असा आहे की हा जुन्या धर्माचा राहिलेला चट्टा आहे. उपास केला की पुण्य, अंग जाळलं की पुण्य. नवस टाकले, पण नवसाची सवय गेली नाही.

आता खरा मुद्दा. पाणी तहानेसाठी मागणं आणि पाण्यात खेळणं, या दोन गोष्टींत जात कुठं जास्त चिडते?

तहानेला दया दाखवता येते. जुन्या बाया सांगतात, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आपण खाली, ते वर. त्यात पाजणाऱ्याला पुण्य मिळे आणि जातीचा केसही वाकडा होत नसे. पण पोहणाऱ्याला वरून ओतता येत नाही. त्याला आख्खं अंग पाण्यात घालावं लागतं, आणि तेच पाणी पलीकडच्याच्या अंगाला लागतं. शिवाय पोहणारा कुणाची कीव मागत नाही. तो मजेत असतो. हे खपत नाही.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर आपली माणसं गेली. मार खाल्ला. मग शेण, गोमूत्र, दूध-दही ओतून तळं शुद्ध केलं गेलं. त्याच डिसेंबरातल्या परिषदेत बाबासाहेब जे बोलले त्याचा आशय असा, की हे पाणी प्यालो नाही म्हणून आपण मेलो नव्हतो आणि पिऊन अमर होणार नाही. इतरांसारखी आपणही माणसं आहोत एवढं सिद्ध करायला तळ्यावर जायचंय. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे पहिल्यापासून हा लढा तहानेच्या पलीकडचा आहे. आपणच त्याला पुन्हा हंड्यात कोंबला.

आणि वाकडी विसरू नका. जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका. मातंग समाजातली दोन पोरं विहिरीत पोहली म्हणून त्यांना नागडं करून पट्ट्यानं मारलं, वर त्याचं चित्रण करून ते फिरवलं. त्या पोरांचा गुन्हा काय? उन्हाळा होता, अंग तापलं होतं, पाणी दिसलं, उडी मारली. गावातली पोरं असंच तर करतात. आपल्या मोर्चांत 'पाणी द्या' अशी घोषणा असते. 'पोहू द्या' अशी घोषणा मी आजवर ऐकलेली नाही.

दलित पँथर १९७२ साली निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तिथल्या काळ्या लोकांनी मात्र ही लढाई उघडउघड लढली. २७ जुलै १९१९ ला शिकागोत सतरा वर्षांचा एक काळा पोरगा तराफ्यावर पोहता-तरंगता गोऱ्यांच्या बाजूच्या पाण्यात गेला. पाण्यावर रेघ नव्हती, पण होती. वरनं दगड आले, पोरगा बुडाला. मागून जी दंगल झाली तिच्यात ३८ माणसं मेली. १९६४ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला काळे-गोरे आंदोलक मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तर मॅनेजरनं पाण्यात ॲसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानं तर काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा नगरपालिकेचे तलावच बंद केले, आणि १९७१ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. स्वतःच्या पोरांचं पोहणं गेलं तरी चालेल, पण काळ्याचं अंग पाण्यात नको! आपल्या गोमूत्रवाल्यांचे हे सख्खे चुलते.

माझा जोडीदार पोहायला शिकला पाटात. कारण विहिरी ज्यांच्या जमिनी त्यांच्या. आपल्याला जमीनच नाही तर विहीर कुठली, आणि विहीर नाही तर पोहणं कुठलं? पाट सरकारचा, तिथनं हाकलायला कुणी येत नसे. एवढ्याशा गोष्टीत जमिनीचा आख्खा प्रश्न बसलाय. मी शिकले लग्नानंतर, त्याच्याकडून, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून.

आता माझं स्वतःचं. आठव्या वर्षापासनं मी पाणी भरतेय. पाणी म्हटलं की आधी मान दुखते. हातपंपाचा नंबर, नळाचा नंबर, टँकरच्या मागं धावणं, मग धुणं, भांडी, ओले हात, भेगा. पाणी म्हणजे वजन, दुसरं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी प्रवरेत मी पाठीवर पडले, कान पाण्याखाली गेले, आणि अंगाला वजनच राहिलं नाही. मला रडू आलं, ते पाण्यात कळलं नाही. हे सुख कुणाच्या वाटणीतलं, असं मला विचारू नका. उलटं विचारा, की हे आजवर कुणी दाबून ठेवलं होतं.

आमच्या घरात तो समतेवर तासभर बोलतो नि हंडा मी उचलते, हेही तिथंच पाण्यात उभं राहून बोलून झालं. एरवी आमचं बोलणं म्हणजे वर्गणी किती झाली नि हॉल मिळाला का. आता सकाळचा नंबर तो लावतो. कुठल्या शिबिरात हे झालं नसतं.

थेरीगाथेत पुण्णिका नावाची दासी आहे. भर थंडीत नदीवर पाणी भरायला जायची, मालकिणीच्या माराच्या भीतीनं. तिथं एक ब्राह्मण पाप धुवायला कुडकुडत पाण्यात उतरलेला. तिनं त्याला सुनावलं, की अंघोळीनं पाप धुतलं जात असेल तर बेडूक, कासवं, पाणसाप, मगरी सगळे स्वर्गात जातील. अडीच हजार वर्षांपूर्वीची पाणी भरणारी बाई, आणि काय डोकं! पण मला नेहमी वाटतं, त्या गार पाण्यात एक भीतीनं उतरते, दुसरा पापाच्या धाकानं. मजेनं कुणीच नाही.

काही बायांचं म्हणणं वेगळं आहे. ओल्या अंगानं नवऱ्यासंगं नदीत, लोक बघतात, आपल्या समाजाला नावं ठेवतात. हेही सोडून देण्यासारखं नाही. महाडलाच १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी बायांना लुगडं कसं नेसायचं ते सांगितलं. जातीची खूण अंगावरनं काढून टाका, एवढा त्याचा अर्थ. आपल्या बायकांच्या अंगावर ज्यांची मालकी चालत होती त्यांना तो जबाब होता. पण जबाब द्यायला घेतलेली अब्रू आता आपल्याच पोरींच्या पायात अडकत असेल, तर ती सोडवायला नको का? मी पंजाबी ड्रेस घालून पोहले. बघणारे होते दोघं-तिघं काठावर. थोड्या वेळानं कंटाळून गेले.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आहेत, आणि त्यांच्या शेजारी स्नानघाट आहेत, सार्वजनिक करमणुकीच्या जागा आहेत. करमणूक हा शब्द तिथं चुकून पडलेला नाही. ज्यांनी तो ठेवला त्यांना आपलं आयुष्य टँकरपुरतं मंजूर नव्हतं. टँकर तर पाहिजेच. तिसऱ्या दिवशी येतो तो रोज यावा म्हणून तहसीलवर हंडा मोर्चा ठरलाय, त्याची पत्रकं मीच लिहिलीत.

त्याच्याबरोबर दुसरंही एक काम काढलंय. नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात बायकांची वेळ भर दुपारची, म्हणजे आपल्या बाया कामावर असताना. वर पोशाखाची अट नि महिन्याची फी. वस्तीतल्या सहा मुलींची नावं आलीत. वेळ बदला, फी माफ करा, असा अर्ज द्यायचाय. दोन रिकामे डबे मिळालेत, आणखी दोन-तीन लागतील. अर्जात १५ व्या अनुच्छेदाचा हवाला द्यायचा हे ठरलं. पण तलावाला स्नानघाट म्हणायचं की करमणुकीची जागा, यावर अजून आमचं भांडण चालू आहे.