पिळाची लांबी

माल टाकून परत निघालेला कन्व्हेयरचा पट्टा रिकामा झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो कधीच पुरता रिकामा होत नाही. डोक्याकडच्या, म्हणजे माल पडतो त्या टोकाच्या, पुलीपाशी स्क्रेपर बसवलेले असतात आणि त्यांची पाती चिकटलेला माल खरवडून काढतात, तरीही रबरावरच्या ओरखड्यांत ओलसर भुकटी अडकून राहतेच. कारखान्याच्या आवारातल्या शंभर-दोनशे मीटरच्या पट्ट्याला हे चालून जाते. सांडलेले झाडून घ्यायला माणूस असतो, धुवायला पाणी असते.

लांब पल्ल्याच्या पट्ट्याची गोष्ट निराळी. मेघालयातल्या नोंगत्राईच्या खाणीतली चुनखडी सीमा ओलांडून बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात पट्ट्यावरूनच जाते, आणि हे अंतर आहे 17 किलोमीटर. एवढ्या लांबीवर परतीच्या पट्ट्याखाली दर 6 मीटरला एक रोलर धरला तर 2,800 हून जास्त रोलर होतात. परतीच्या वाटेवर पट्टा पालथा असतो, म्हणजे माल वाहणारी मळकी बाजू खाली, आणि तीच या सगळ्या रोलरांना टेकते. काही भुकटी रोलरवर बसते. थर चढतो, रोलर गोल राहत नाही, पट्टा एका अंगाला सरकू लागतो, बेअरिंग लवकर जाते. उरलेली भुकटी वाटेत सांडते, ती शेतात, ओढ्यात किंवा रस्त्यावर, जिथे ती गोळा करायला कोणी नसते.

यावर काढलेला उपाय मला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत शहाणा वाटतो. परतीचा पट्टा डोक्याकडून निघाल्यावर थोड्याच अंतरात त्याला अर्धा पीळ द्यायचा. मळकी बाजू वर येते, पुलीला लागणारी स्वच्छ बाजू खाली जाते आणि पुढचे कित्येक किलोमीटर रोलरांना फक्त स्वच्छ बाजूच लागते. शेपटीकडच्या पुलीच्या आधी पुन्हा अर्धा पीळ देऊन पट्टा होता तसा करायचा. घाण नाहीशी होत नाही, पण ती कुठे पडावी हे आपण ठरवतो. ती पडते दोन्ही टोकांना, पीळ असतो तिथे. त्या जागी सिमेंटची फरशी, उतार, गटार आणि धुण्याची सोय करता येते.

पीळ म्हटले की पुष्कळांना मोबियसची पट्टी आठवते. तसा पट्टाही झालेला आहे. गुडरिच कंपनीला 1957 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. मात्र त्यात अर्धा पीळ एकच असतो आणि हेतू असतो दोन्ही बाजू सारख्या झिजवण्याचा. इथे पीळ दोन आहेत आणि हेतू नेमका उलटा आहे. मळकी बाजू कायम मळकी आणि स्वच्छ बाजू कायम स्वच्छ राहावी, यासाठी हा खटाटोप.

त्याचा एक फायदा विजेच्या बिलातही दिसतो. सपाटीवरच्या लांब पट्ट्याची बरीच शक्ती रोलरावरून जाताना रबर दबण्यात आणि पुन्हा उसळण्यात खर्च होते. म्हणून पुलीकडच्या बाजूला कमी शक्ती खाणारे खास रबर लावतात. पट्टा उलटवला नाही तर हे महागडे रबर फक्त जाताना कामी येते. उलटवला तर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. शिवाय मालाने चिरलेली खडबडीत बाजू रोलरांवर घासत नसल्याने आवाज कमी होतो, आणि पट्टा वस्तीजवळून जात असेल तर त्याचे मोल मोठे आहे.

एवढे सगळे मिळत असेल तर त्याची किंमत कोण मोजते? पट्ट्याच्या कडा मोजतात.

कागदाची एक लांब पट्टी दोन्ही टोकांना धरून अर्धी पिळून पाहा. मधली रेघ सरळ जाते, कडा मात्र मळसूत्रासारख्या वळत जातात. त्यांची वाट लांब पडते, म्हणून त्या ताणल्या जातात. आता 1 मीटर रुंदीचा पट्टा घ्या. अर्ध्या पिळात त्याची कड मधल्या रेघेभोवती 1.57 मीटरचा फेरा घेते. पीळ 10 मीटर लांबीत बसवला तर कडेची वाट सुमारे 12 सेंटिमीटरने जास्त, म्हणजे सव्वा टक्क्याच्या जवळपास. तोच पीळ 22 मीटरमध्ये दिला तर जास्तीची वाट साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे पाव टक्का.

नायलॉन-पॉलिएस्टरच्या कापडी पट्ट्याला सव्वा टक्का फार जड जात नाही, कापड लवचीक असते. पोलादी दोरांचा पट्टा मात्र लांबायला तयारच नसतो. कडेची वाट जेवढी लांब पडते त्यातला साधारण दोन तृतीयांश वाटा कडेच्या दोरांच्या अंगावर पडतो आणि एक तृतीयांश मधल्या दोरांचा ताण कमी होण्यात जातो. 10 मीटरच्या पिळात कडेच्या पोलादी दोरांवर त्यांच्या तुटण्याच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास जादा ताण येऊ शकतो. म्हणूनच मधोमध उभ्या रोलरांच्या जोडीने आधार दिलेल्या पिळासाठी पोलादी पट्ट्याला रुंदीच्या सुमारे 22 पट लांबी धरण्याची वहिवाट आहे, तर कापडी पट्ट्याला साडेबारा पट पुरते. काहीही आधार न देता अधांतरी पीळ द्यायचा तर पट्टा अरुंद आणि कापडीच लागतो. फार रुंद पट्ट्याला पिळाच्या संपूर्ण वाटेवर रोलर लावून नेतात.

कडेची काळजी सगळेच घेतात. मधल्या भागाकडे मात्र दुर्लक्ष होते आणि बिघाड तिथून सुरू होतो. पिळामुळे मधला ताण उतरतो. पट्ट्यात मुळातच ताण कमी असेल तर मधले दोर ओढले जाण्याऐवजी दाबले जातात, आणि दोराला दाब सोसत नाही. पट्टा फुगतो, दुमडतो, घडी पडते. परतीच्या पट्ट्यात ताण दोन्ही टोकांना सारखा नसतो, त्यामुळे जिथे तो कमी असेल त्या पिळाची तपासणी जास्त कडक हवी. नेहमीच्या चालीतला ताण बघून भागत नाही. पट्टा सुरू होताना आणि थांबताना ताणाची लाट धावते, तेव्हाचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त ताण दोन्ही तपासायला हवेत. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पिळाच्या मध्यावर पट्टा उभा असतो, आणि उघड्या माळावर आडवा वारा त्याला शिडासारखा ढकलतो. तिथे आडोसा लागतो.

पीळ लांब केला की यातल्या बहुतेक अडचणी सौम्य होतात. पण लांबी म्हणजे जागा, आणि जागा नंतर मिळत नाही. मार्गाची आखणी होते, खांब उभे राहतात, टोकाला इमारत येते, आणि मग पिळासाठी उरलेल्या तुकड्यात तो बसवा असे डिझाइन करणाऱ्याला सांगितले जाते. पट्ट्याची रुंदी आणि जात ठरली की पिळाची लांबी जवळपास त्याच दिवशी ठरते. ती त्याच दिवशी नकाशावर दोन्ही टोकांना आखून घ्या, आणि तिच्याखाली धुण्याच्या पाण्याची वाटही.