अक्षरशः पाळलेली आज्ञा आणि तिचा कर्ता

जड वस्तूला आज्ञा करावी आणि तिने ती मुकाट्याने, तंतोतंत पाळावी, ही मनुष्याची आकांक्षा पुरातन आहे. परंतु ती सफळ झाल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो मात्र त्या आकांक्षेइतका रम्य नाही. ज्याला अर्थ कळत नाही अशा सेवकाच्या हातून कृत्य घडले, तर त्या कृत्याचा कर्ता कोण, आणि आज्ञेतला अर्थ त्या वेळी नेमका कोठे वास करीत होता, हा तो प्रश्न होय. मीमांसकांनी, नैयायिकांनी आणि वेदान्त्यांनी शब्द व कर्म यांविषयी शतकानुशतके जो ऊहापोह केला, त्यातही याच जातीची जिज्ञासा होती. आणि आज संगणकाच्या एखाद्या भाषेचे पहिले धडे गिरवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे, त्याला जाणीव असो वा नसो, तीच जिज्ञासा येऊन उभी ठाकते. ते धडे केवळ रोजगाराचे साधन म्हणून द्यावेत की कर्तृत्वाचे शिक्षण म्हणून द्यावेत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार मोठ्या शहरांपुरता राखून ठेवण्याचे काही कारण नाही. यवतमाळहून दक्षिणेकडे तुळजापूरच्या वाटेने निघाले असता अरुणावतीच्या तीरी आर्णी लागते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या भरवशावर संसार चालवणारे, आणि बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर हिंदू व मुसलमान दोघेही श्रद्धेने माथा टेकतात असे हे तालुक्याचे गाव. येथील शेतकऱ्याचा सातबारा, त्याचा पीकविमा, त्याचे अनुदान, यांपैकी कोणतीही गोष्ट आता संगणकाच्या दप्तरातून गेल्यावाचून पुरी होत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात २०१८ पासून मिळू लागला, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या कर्जमाफीचे अर्जही संगणकावरच भरून घेण्यात आले. ज्या भाषेत यंत्राला हुकूम सोडले जातात ती भाषा अशा रीतीने येथील माणसाच्या योगक्षेमाशी निगडित झालेली आहे. आणि जिच्यावर आपला योगक्षेम अवलंबून आहे ती भाषा सर्वस्वी परक्यांच्या स्वाधीन असावी, ही स्थिती काही समाधानाची नव्हे.

उदाहरणादाखल पायथन ही भाषा घेऊ. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. आज नवशिक्यांना बहुधा तीच शिकवतात, आणि तिच्या प्रचलित आवृत्तीत वस्तूंना देवनागरी नावेही देता येतात. कापसाच्या पट्टीचा हिशेब करावयाचा असेल तर विद्यार्थी ‘वजन’ आणि ‘भाव’ अशी दोन नावे मुक्रर करतो, त्यांचा गुणाकार करवून घेतो, त्यातून हमाली व तोलाई वजा करतो, आणि उरलेला आकडा ‘रक्कम’ या नावावर मांडतो. येथपर्यंत सारे अंकगणितासारखेच भासते. परंतु बरोबरीच्या चिन्हापाशी आले की वाट बदलते. ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ असे बीजगणिताच्या वहीत लिहिले तर गुरुजी ते खोडून टाकतील, कारण विधान म्हणून ते असत्य आहे; पायथनमध्ये मात्र तीच ओळ निर्दोष आहे, कारण ती विधानच नव्हे. ‘क्ष या नावावर जी संख्या असेल ती घे, तीत एक मिळव, आणि आलेले फळ पुन्हा त्याच नावावर ठेव’ असा तो हुकूम आहे. दोन वस्तू खरोखर समान आहेत काय, असे विचारावयाचे असेल तर बरोबरीचे चिन्ह दोनदा लिहावे लागते.

एका चिन्हाच्या या फरकात एक जुना वाद सामावलेला आहे. मीमांसकांनी, म्हणजे जैमिनीच्या परंपरेने, वेदवाक्याचे प्रामाण्य विधीत, म्हणजे जे अजून घडवावयाचे आहे त्या साध्य कर्मात पाहिले. शंकराचार्यांनी, जे मुळातच आहे अशा सिद्ध वस्तूचा बोध करून देणारे उपनिषद्वाक्यही तितकेच प्रमाण मानले. संगणकाची भाषा बहुतांशी मीमांसकाच्या पक्षाची आहे, कारण तीत ओळीमागून ओळ विधीच येत जातो. परंतु ‘हे असे आहे काय?’ हा सिद्ध वस्तूविषयीचा प्रश्न तिलाही टाळता येत नाही, कारण त्याच्या उत्तरावरच पुढचा विधी कोणत्या वाटेने जावयाचा ते ठरते. जग जसे आहे ते जाणणे आणि जग जसे व्हावे तसे घडवणे या दोन व्यापारांतला भेद विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्याच आठवड्यात ठसला, तर त्याला केवळ भाषेचेच नव्हे, तर विवेकाचेही शिक्षण मिळाले असे म्हणावे लागेल.

विद्यार्थ्याच्या चुका हे या शिक्षणाचे दुसरे प्रकरण. वाक्यातून अर्थबोध होण्यास पदांमध्ये आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी असावी लागते, असे नैयायिक सांगतात. कंस उघडून तो मिटवला नाही तर पायथन पुढील ओळीची वाट पाहत राहते. ही आकांक्षा अपुरी राहिल्याची खूण. संख्येत अक्षरांची ओळ मिळवू गेल्यास पायथन हुकूम मानण्यास नकार देते; ‘अग्नीने सिंचन करतो’ या वाक्यातील पदे व्याकरणाने जुळली तरी अर्थाने जुळत नाहीत, तशीच ही अयोग्यता. एका अटीच्या पोटातल्या ओळी तिच्याखाली, सारख्या अंतराने आत सरकवूनच लिहाव्या लागतात. ही सन्निधीची शिस्त. पण शास्त्रकारांनी यापलीकडे तात्पर्याचाही विचार केला आहे. ‘सैंधव आण’ असे भोजनास बसलेला धनी म्हणाला तर मीठ आणावयाचे, आणि प्रवासास निघालेला म्हणाला तर घोडा. हा निर्णय शब्दांवरून होत नाही, बोलणाऱ्याच्या अभिप्रायावरून होतो. आरंभीचे तीन दोष यंत्र काही अंशी दाखवून देते, परंतु तात्पर्य चुकल्यावर ते कोणतीही तक्रार करीत नाही. हमाली वजा करण्याऐवजी मिळवली, तर तितक्याच निष्ठेने ते चुकीची पट्टी छापून देते. सेवकाच्या समजुतीवर विसंबून अर्धवट बोलण्याची जी सवलत मनुष्याला एरवी मिळते, ती येथे मिळत नाही, आणि तात्पर्याचा संपूर्ण भार सांगणाऱ्यावर येऊन पडतो.

हा भार किती गंभीर आहे ते ओळख पटवण्याच्या प्रश्नात सर्वांत स्पष्ट दिसते. ‘तोच हा देवदत्त’ या वाक्यावर वेदान्त्यांनी सूक्ष्म विचार केला आहे: त्या काळचा व त्या स्थळचा देवदत्त आणि या काळचा व या स्थळचा देवदत्त यांतील विरोधी अंश टाकून उरलेला एकच पुरुष आपण ओळखतो. यंत्राला असा कोणताही अंश आपण होऊन टाकता येत नाही. एका कागदावर ‘रामराव’ आणि दुसऱ्यावर ‘रामरावजी’ असे असेल, किंवा नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक मोकळी जागा राहिली असेल, तरी त्याच्या लेखी ते दोन निराळे इसम होत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन भिन्न सांकेतिक क्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर आकृती एकच उमटते, पण समानतेच्या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ असे उत्तर देते. मराठी पाच आणि इंग्रजी पाच हे आकडे अक्षरे म्हणून ताडून पाहिले तर पायथनला भिन्न वाटतात; दोहोंस संख्या म्हणून वाचण्यास सांगितले की ते एकरूप होतात. म्हणजे अभेद कोणत्या दृष्टीने पाहावयाचा, हे सांगितल्याखेरीज अभेद दिसत नाही.

वऱ्हाडातल्या जुन्या दप्तरात ‘अमुक वल्द तमुक, मौजे अमुक’ असे लिहून माणसाची निश्चिती केली जाई, आणि त्यातूनही संशय उरला तर पटवारी त्या माणसास पाहून ओळखीत असे. त्या पद्धतीत दोष नव्हते असे मुळीच नाही. ओळखीचा उपयोग पक्षपातासाठी होतो, आणि दुबळ्याची ओळख सोयीस्करपणे विसरलीही जाते. यंत्र कोणाची जात पुसत नाही, कोणाच्या शिफारशीला वश होत नाही, हा त्याचा गुण मोठाच आहे. परंतु जो कोणासही पाहत नाही त्याची समदृष्टी ही समदृष्टी नव्हे, दृष्टीचा अभाव आहे. आणि तो अभाव भरून काढण्याचे कर्तव्य नियम लिहिणाऱ्याच्या शिरावर येते.

नाव न जुळून कोणाचे काम अडले असता ‘संगणकाने नाव नाकारले’ असे म्हणण्याचा जो प्रघात पडला आहे, तो तत्त्वतः असत्य होय. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नानाविध करणे, विविध चेष्टा आणि दैव. या विभागणीत यंत्राचे स्थान करणात आहे, कर्त्यात नाही. यावर कोणी आक्षेप घेईल की, त्याच ठिकाणी केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला अज्ञ म्हटले आहे. शिवाय शासननिर्णय काढणारा एक, संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा दुसरा, माहिती भरणारा तिसरा, तेव्हा एकट्यावर दोष का यावा? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे, पण तो उपदेश अहंकार गळावा म्हणून आहे, उत्तरदायित्व गळावे म्हणून नव्हे. अनेकांनी मिळून केलेले कर्म कोणाचेच नसते, असे शास्त्र सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा अंश ओळखावा, इतकेच त्यातून निष्पन्न होते. पुष्कळशा उदाहरणांवरून आपले नियम आपणच बसवणारी यंत्रे आता निर्माण झाली असली, तरी त्यांना कोणती उदाहरणे द्यावयाची आणि त्यांचा निकाल कोणाच्या संसारावर लागू करावयाचा, हे माणूसच ठरवतो. म्हणून त्यांच्या आगमनानेही हे उत्तरदायित्व लोप पावत नाही.

उरला अधिकाराचा प्रश्न. कोणत्या विद्येस कोण पात्र, याचा निर्णय आपल्या परंपरेने पुष्कळदा संकुचितपणे केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच वऱ्हाडात, रिद्धपूरच्या आश्रयाने वाढलेल्या महानुभाव पंथात, नागदेवाचार्यांनी संस्कृतात ग्रंथ रचू इच्छिणाऱ्या पंडित शिष्याला, पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानास वंचित होतील म्हणून, त्यापासून परावृत्त केल्याचे ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही भाषा सिद्ध केली, ती गणित व विज्ञान यांबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. देश, काल आणि विषय सर्वथा भिन्न असूनही दोहोंच्या ठायी एकच औदार्य दिसते. आर्णीच्या मुलामुलींना ही विद्या त्यांच्या मराठीतून, त्यांच्या कापसाच्या पट्टीवरून आणि सातबाऱ्यावरून शिकवणे, हे त्या औदार्याचेच आजचे रूप आहे.

मात्र शिकवताना एक पथ्य पाळावे. ‘अमुक असेल तर असे कर’ ही अट विद्यार्थी चटकन शिकतो. ‘अन्यथा’ या शब्दाखालची ओळ तो बहुधा रिकामी सोडतो, अथवा तेथे नकाराचा एक कोरडा संदेश लिहून मोकळा होतो. वास्तविक ज्याचे नाव जुळले नाही, ज्याचा कागद अपुरा पडला, ज्याच्या बोटाचा ठसा कष्टाने झिजला, तो माणूस याच ओळीवर येऊन पोहोचतो. त्याने पुढे कोणाकडे जावे, त्याची कैफियत कोणी ऐकावी आणि चूक किती दिवसांत दुरुस्त व्हावी, हे त्या ओळीत लिहिल्यावाचून कार्यक्रम पुरा झाला असे गुरूने मानू नये. आज्ञा निर्दोष चालते एवढ्यावर गुण देणारे शिक्षण कुशल कारकून निर्माण करील. ‘अन्यथा’ची ओळ तपासणारे शिक्षण आपल्या आज्ञेचे उत्तर आपणच दिले पाहिजे हे जाणणारा मनुष्य निर्माण करील, आणि कर्ता या पदवीस तोच पात्र होय.